पुन्हा बसणे

गेटच्या परीक्षेत आमच्या पुतणीला पहिल्या वर्षी इतके कमी गुण पडले, की आठवडाभर घरात अंगणाचं गेटही कुणी आवाज करून उघडलं नाही. दुसऱ्या वर्षी ती पुन्हा बसली आणि स्कोअर बरा आला. हा स्कोअर ३ वर्षं चालतो. म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशासाठी तिच्याजवळ आता दोन चालू नाणी. मी म्हटलं, “चांगलं ते काढ!” तर म्हणते, “काका, पण यातली खरी मी कोणती?”

असला प्रश्न नगरकराला विचारू नये. आम्ही पाहुण्यांना डोंगरावरचा चांदबिबीचा महाल दाखवतो. तो महाल नाही आणि चांदबिबीचाही नाही, सलाबतखानाची कबर आहे. तरी मी ठोकून दिलं, “दुसरी! पहिल्या वेळी तुझं नशीबच वाईट होतं.”

“मग दुसऱ्या वेळी चांगलं असेल.”

हे मात्र लागलं. परीक्षेदिवशी तिला ताप होता, असं मी वर्षभर गावाला सांगत होतो. (नव्हता.) दुसऱ्या निकालाला नशीब कुठलं? ती सगळी हुशारी, आणि तीही आमच्या घराण्याची!

तिने अर्जात चांगला स्कोअर भरला, दोन्ही कागद एकाच फायलीत लावले आणि माझं मॅट्रिकचं गुणपत्रक बघायला मागितलं. ते ऑक्टोबरचं आहे. मार्चचं मी तेव्हाच फाडलं होतं.