चुकलेल्या समेवर टाळ्या घेऊ नकोस

काल कार्यक्रम संपल्यावर लोकांनी तुझं कौतुक केलं, फोटो काढले. तेव्हा मी गप्प राहिले. आता समोर बस आणि ऐक.

तासाभराच्या एकल कथकमध्ये विलंबित तीनताल तू नाचलीस किती? जेमतेम आठ मिनिटं. थाट उरकलास, आमद घाईत गुंडाळलीस आणि सरळ द्रुत लय गाठलीस. का, तर तिथे चकरा मारता येतात आणि टाळ्या मिळतात. विलंबितात 16 मात्रांचं आवर्तन सरता सरत नाही. तेवढ्या वेळात स्थिर उभं राहून, मनगटाच्या, मानेच्या, भुवईच्या एका हालचालीने समेवर यायचं असतं. तिथे कच्चेपणा लपत नाही, म्हणून तू तिथून पळालीस.

आणि पढंत? चक्रदार परण मोबाइलवर बघून म्हणालीस! ज्या बोलांवर नाचायचं ते तोंडपाठ नाहीत, मग ते पायांत कुठून येणार? चक्रदारात तिहाईसकट सगळी बंदिश तीनदा येते. नऊ वेळा धा पडतो आणि नववा समेवर यावा लागतो. तुझा नववा धा अर्धी मात्रा उशिरा पडला. तबलजींनी ठेका सावरला म्हणून प्रेक्षकांना कळलं नाही. पण तबलजींना कळलं, मला कळलं आणि तुलाही कळलं. तरी तू हात उंचावलास, हसलीस आणि टाळ्या घेतल्यास. चूक झाली याचा मला राग नाही. चूक माहीत असताना घेतलेल्या टाळ्यांचा आहे.

समूहात नाचताना एकीचा तोल गेला तर बाकीच्या सांभाळून घेतात. एकलमध्ये लय तुझी, बोल तुझे, कथा तुझी; प्रत्येक मात्रेला तूच जबाबदार. बिरजू महाराज तबला वाजवत, ठुमरीही गात. त्यांना आपल्या साथीदाराच्या हातात काय चाललं आहे हे आतून ठाऊक असे. तू साथीदारांबरोबर तालीम केलीस एकदाच, तीही आदल्या संध्याकाळी. दागिन्यांसाठी मात्र चार दुकानं पालथी घातलीस.

गतभावाचं तर बोलायलाच नको. माखनचोरीत कृष्णही तूच आणि यशोदाही तूच. पलटा घेतलास की उभं राहणं, नजर, पावलांचं वजन, सगळं बदललं पाहिजे. तुझी यशोदा कृष्णासारखीच मुरडत चालली. भाव पोहोचेना, तेव्हा तू मंचभर धावलीस. शंभू महाराज बसल्या जागी अभिनय करत आणि सभा खिळून राहत असे. जागा व्यापल्याने भाव वाढत नाही.

रोहिणीताई भाटे यांनी 1947 मध्ये पुण्यात नृत्यभारती सुरू केली. इथे कथक रुजायला त्यांच्या पिढीने आयुष्य घातलं, म्हणून तुला मंच, जाणकार प्रेक्षक, साथीला तयारीचे वादक आयते मिळाले. या सगळ्याचं ओझं वाटायला हवं. तुला त्याचा हक्क वाटू लागला आहे.

तुझ्या पायांत ताकद आहे, तुझे डोळे बोलके आहेत. हे मला दिसतं, म्हणूनच काल जे पाहिलं ते सहन झालं नाही. कमी कुवतीच्या मुलीने असं केलं असतं तर मी समजावलं असतं. तुला समजावणार नाही. तू जाणूनबुजून सोपी वाट धरलीस.

पुढच्या महिन्यातल्या तुझ्या कार्यक्रमाला मी आयोजकांना नकार कळवला आहे. रोज सकाळी एक तास फक्त थाट आणि तत्कार, तेही विलंबित लहऱ्यावर. चकरा बंद. प्रत्येक बंदिश आधी हातावर ताल धरून मला म्हणून दाखवायची, तीनदा, न अडखळता. त्याशिवाय पाय उचलायचा नाही. नवी तारीख मी सांगेन तेव्हाच, आणि ती कधी हे विचारायचं नाही.

आणि घरी जाण्याआधी तबलजींना भेट. त्यांनी तुझी सम वाचवली आणि तू मंचावरून त्यांचं नावसुद्धा घेतलं नाहीस. पाया पड आणि माफी माग.