मृतांवरील पांघरूण काढावे काय?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात 2012-13 साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या साहाय्याने मिसर देशातील ममींचे प्रदर्शन भरले होते. ते पाहण्याचा योग आम्हांस आला. त्यात नेस्पेरेन्नुब नावाचा एक पुजारी होता. सुमारे 2800 वर्षांपूर्वी तो कर्नाक येथील देवळात सेवा करीत असे. त्याच्या देहावरील वेष्टणे कोणीही सोडली नव्हती. इस्पितळात ज्यास सीटी स्कॅन म्हणतात त्या क्ष-किरणांच्या यंत्रातून त्यास नेऊन आतील सर्व काही पडद्यावर दाखविले होते. त्याच्या डोक्याच्या मागील बाजूस मातीचे एक वाडगे चिकटलेले दिसले. प्रेतास मसाला भरणाऱ्या कारागिरांनी राळ सांडू नये म्हणून ते ठेवले असावे. राळ घट्ट झाली, वाडगे निघेना, तेव्हा त्यांनी त्यावरूनच कापड गुंडाळून टाकले! अठ्ठावीस शतके झाकून राहिलेली ती चूक पाहून शाळकरी मुले हसत होती. आम्हीही हसलो.

वाचक म्हणतील, धाराशिवच्या खेडुतास मिसर देशाशी काय कर्तव्य? परंतु आमच्याच जिल्ह्यातील तेर, ज्यास पूर्वी तगर म्हणत, तेथील कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरास जात असे, अशी नोंद पहिल्या शतकात मिसरमधील एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने करून ठेविली आहे. शिवाय याकोब व योसेफ यांच्या देहांसही मिसरी वैद्यांनी मसाला भरला होता, हे पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांस सांगावयास नको.

परत आल्यावर एका सायंकाळी मंडळीत आम्ही ही हकीकत सांगितली. एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, “साहेब, पर त्या माणसाला कुणी इचारलं व्हतं का?” आम्हांस उत्तर सुचले नाही.

पूर्वी तर कोणी विचारण्याचा विचारही करीत नसे. 1830 च्या सुमारास लंडनमध्ये थॉमस पेटिग्रू नावाचे शस्त्रवैद्य तिकीट घेऊन आलेल्या लोकांसमोर ममींची वेष्टणे सोडीत असत. त्यांच्या मानाने आजचे यंत्र फार सभ्य आहे. आमेनहोटेप पहिला या राजाची ममी फुलांच्या माळांनी इतकी सुंदर सजविली होती की आधुनिक काळी ती सोडण्याचे धाडस कोणी केले नाही. 2021 साली मिसरी संशोधकांनी एकही माळ न हलविता त्याचे वय, उंची व दात पाहून घेतले. नोहाचे दोघे पुत्र बापाची नग्नता झाकण्यासाठी पाठमोरे चालत गेले, तशीच ही रीत आहे असे आम्हांस वाटले होते.

परंतु हामाचा दोष केवळ पाहण्याचा नव्हता. त्याने बाहेर जाऊन सांगितले. आणि आता हाडांतून डीएनए, म्हणजे आईबापांकडून देहात उतरलेला वंशलेख, वाचता येतो. तूतनखामेन या तरुण राजाचे आईबाप सख्खे बहीणभाऊ होते, असे 2010 साली संशोधकांनी जाहीर केले. उष्ण देशातील इतक्या जुन्या डीएनएवर कितपत भरवसा ठेवावा याविषयी विद्वानांत वाद आहे, तो असो. त्याच्या देहात हिवतापाच्या जंतूंची खूण सापडली, हे कळणे उपयोगाचे आहे. पण आमच्या गावात कोणी मेलेल्या शेजाऱ्याच्या घरातील अशी गोष्ट पारावर बोलू लागला तर आम्ही त्यास गप्प बसवू. राजा तीन हजार वर्षांपूर्वी मेला म्हणून त्यास शेजारी म्हणावयाचे नाही काय?

येथेच थांबून, झाकलेले झाकलेलेच राहू द्यावे, असा उपदेश आम्ही केला असता. तसे करणे सोपे होते. परंतु तिसऱ्या रामेसेसची गोष्ट आडवी येते. त्यास ठार मारण्याचा कट त्याच्याच राणीवशात रचला गेला व अपराध्यांची चौकशी झाली, हे जुन्या लेखांवरून ठाऊक होते. कट साधला की नाही यावर मात्र एकमत नव्हते. 2012 साली सीटी स्कॅनमध्ये दिसले की त्याचा गळा हाडापर्यंत चिरलेला आहे. कारागिरांनी त्या जखमेत एक ताईत ठेवून वरून जाड कापड बांधले होते. अत्यंत आदराने बांधलेल्या त्या कापडाखाली एक खून तीन सहस्र वर्षे लपून राहिला.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका मंडळीत एक तरुण सून एकाएकी मरण पावली. माहेर दूर होते. सासरची माणसे म्हणाली, “साहेब, चिरफाड नको. पोरीच्या देहाची विटंबना हुईल.” आम्हांस ते पटले. मृताची लाज राखणे हे पाळकाचे कामच, असे मानून आम्ही दुपारीच दफनविधी चालविला. बाप सायंकाळी पोहोचला. तो ओरडला नाही, भांडला नाही. एवढेच म्हणाला, “तोंड तरी दावायचं व्हतं.” तिला कशाने मरण आले हे आम्हांस आजही ठाऊक नाही, आणि कोणावर आळ घेण्याचा आमचा हेतू नाही. कदाचित साधा आजारच असेल. पण ते पाहून ठेवण्याची जी एक वेळ होती ती आम्ही आपल्या हातांनी मातीआड केली, आणि त्यास आदर असे नाव दिले.

त्या वृद्ध गृहस्थांस आम्ही अलीकडे म्हणालो की, पुजाऱ्यास कोणी विचारले नाही हे खरे, परंतु त्या मुलीसही कोणी विचारले नव्हते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. दफनाच्या दिवशी ते आमच्या शेजारीच उभे होते.