पेशीचे मरण आणि माणसाचा त्याग

पेण तालुक्यातील गागोदे या खेड्यात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे यांचा जन्म झाला आणि त्यास लागून असलेल्या तालुक्याच्या गावी, रोह्यास, १९ ऑक्टोबर १९२० रोजी पांडुरंगशास्त्री आठवले जन्मले. सरकारी दफ्तरात त्या काळी ज्याची कुलाबा जिल्हा अशी नोंद असे, त्या डोंगरपायथ्यापासून खाडीपर्यंत पसरलेल्या भातशेतीच्या मुलखाने पाव शतकाच्या अंतराने गीतेचे दोन असे प्रवक्ते महाराष्ट्रास दिले की, ज्यांनी तो ग्रंथ पंडितांच्या बैठकीतून उचलून कैद्याच्या, शेतकऱ्याच्या आणि कोळ्याच्या ओसरीवर नेऊन ठेवला. दोघांचेही चिंतन देह आणि देही यांच्या नात्याभोवती फिरत राहिले; आणि धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी जी प्रवचने केली व साने गुरुजींनी जी टिपून घेतली, त्यांत तर मरणाचा विचार टाळण्याच्या मनुष्याच्या सवयीचा मोठा मार्मिक परामर्श घेतलेला आहे. ज्या मरणाचा विचार आपण टाळतो, त्याच मरणाचा गेल्या अर्धशतकात सूक्ष्मदर्शकाखाली जितका कसून अभ्यास झाला तितका पूर्वी कधीही झाला नव्हता. त्या अभ्यासाने धर्मविचारापुढे काय ठेवले, हे पाहणे मला अगत्याचे वाटते.

१९७२ साली जॉन कर, अँड्र्यू वायली व ॲलिस्टर करी या तीन विकृतिशास्त्रज्ञांनी असे दाखवून दिले की, पेशी दोन रीतींनी मरते: इजा होऊन फुटते, तेव्हा आसपास दाह माजतो, परंतु दुसऱ्या रीतीत ती स्वतःच आक्रसते, आपली गुणसूत्रे आवरून घेते, स्वतःचे लहान लहान पुडके बांधते आणि शेजारच्या पेशी ते पुडके गिळून त्यातील द्रव्य पुन्हा उपयोगात आणतात. या दुसऱ्या मरणास ॲपॉप्टोसिस असे नाव मिळाले. पुढे सी. एलेगन्स नामक जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या कृमीच्या वाढीचा पेशीगणिक हिशेब मांडण्यात आला, तेव्हा असे आढळले की त्याच्या शरीरात एकंदर १,०९० कायिक पेशी जन्मतात आणि त्यांपैकी १३१ पेशी, दर वेळी नेमक्या त्याच, ठरल्या घटकेस मरतात. जॉन सल्स्टन आणि रॉबर्ट हॉर्विट्झ यांना या कामाबद्दल सिडनी ब्रेनर यांच्यासह २००२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या मरणाची जनुके कृमीत सापडली, आणि तशाच रचनेची जनुके मनुष्यातही आहेत. म्हणजे मरण हे बाहेरून जीवनावर चालून येणारे परचक्र नसून, निदान पेशीच्या पातळीवर, ते जिवंत पेशीनेच आपल्या शक्तीने पार पाडलेले कार्य आहे. त्यास ऊर्जा लागते, कॅस्पेज नावाची विकरे लागतात आणि ती विकरे प्रत्येक पेशीत जन्मापासून सुप्तावस्थेत सज्ज असतात. गर्भाच्या हाताला पाच बोटे सुटी होतात ती बोटांमधल्या पेशी मरून जातात म्हणूनच.

यापुढची गोष्ट मला त्याहूनही अर्थगर्भ वाटते. १९९२ साली लंडनचे जीवशास्त्रज्ञ मार्टिन रॅफ यांनी असा सिद्धांत मांडला की, पेशीला मरण्यासाठी आज्ञा लागते असे नसून जगण्यासाठीच आज्ञा लागते: शेजारच्या पेशींकडून ‘जग’ असा रासायनिक निरोप अखंड येत राहिला तरच ती जगते, आणि तो थांबला की स्वतःचा शेवट स्वतः घडवून आणते. वाढत्या मज्जासंस्थेत गरजेपेक्षा पुष्कळ अधिक चेतापेशी निर्माण होतात, आणि ज्यांना आपल्या लक्ष्यापर्यंत पोचून तेथून पोषक प्रथिनांचा पुरवठा मिळत नाही त्या मावळतात. सारांश, कोणत्याही पेशीस जगण्याची तहहयात सनद मिळालेली नाही. तिचे आयुष्य इतरांच्या संमतीवर चाललेले आहे, आणि ‘माझे’ म्हणून ज्या देहावर आपण मालकी सांगतो तो असा परस्परांच्या रुकारावर क्षणोक्षणी टिकलेला समुदाय आहे. कर्करोगाची पेशी ती, जिने हा रुकार झुगारला. बी-पेशींच्या एका लसिकार्बुदात सापडलेले बीसीएल-२ हे जनुक पेशींची वाढ करवीत नाही, तर त्यांना मरू देत नाही, हे १९८८ साली सिद्ध झाले. जे अमरत्व आपण देवाकडे मागत आलो, ते पेशीला लाभले म्हणजे तिचे नाव अर्बुद होते.

येथे एक मोह उभा राहतो आणि त्याविषयी स्पष्ट बोलणे मला कर्तव्य वाटते. गीतेत देहाला जीर्ण वस्त्राची उपमा आहे आणि यज्ञचक्राचा सिद्धांत आहे. तेव्हा हे सारे ऋषींना ठाऊकच होते, असे म्हणून टाळ्या घेणारी प्रवचने आपण ऐकतो. त्याचबरोबर दर सात वर्षांनी सबंध शरीर नवे होते, असेही सांगितले जाते. हे विधान खरे नाही. अणुस्फोटांच्या चाचण्यांनी वातावरणात वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनचा आधार घेऊन स्वीडनमधील योनास फ्रिसेन यांच्या गटाने पेशींची वये मोजली, तेव्हा मेंदूच्या बाह्यकातील चेतापेशी माणसाच्याच वयाच्या आढळल्या, आणि हृदयाच्या स्नायुपेशी तर ऐन तारुण्यातही वर्षाला सुमारे एक टक्का एवढ्याच बदलतात असे दिसून आले. वस्त्राचे काही धागे जन्मभर तेच राहतात. गीतेचा सिद्धांत प्रयोगशाळेच्या साक्षीवर उभा नाही, म्हणून ती साक्ष उलटली तरी तो पडत नाही. उलट जो त्यास अशा साक्षीवर उभा करील तो पुढच्या संशोधनाच्या हाती त्याचे भवितव्य देऊन बसेल.

खरा प्रश्न निराळाच आहे: पेशीच्या या मरणास त्याग म्हणावे काय? विनोबांनी आपल्या बालपणाच्या आठवणींत आजोबा शंभुराव यांच्याविषयी सांगितले आहे की, ते चांद्रायण व्रत करीत, चंद्रकलेबरोबर घास वाढवीत आणि घटवीत. आणि गणेशोत्सवात घरीच चंदन उगाळून त्याची मूर्ती घडवीत, तिची पूजा करीत व मग तिचे विसर्जन करीत. आज पेणच्या कारखान्यांतून घडलेल्या मूर्ती देशोदेशी जातात; त्यांच्याही पूजाविधीत प्राणप्रतिष्ठेपासूनच विसर्जन गृहीत धरलेले असते, आणि पेशीच्या घडणीत तिचा शेवट असाच आधी लिहून ठेवलेला आहे. पण साम्य येथे संपते. मूर्ती विसर्जन करणाऱ्याला तिची ओढ असते, आणि ती ओढ असतानाच तो हात सोडतो म्हणून त्या कृतीस मोल आहे. पेशीला ओढ नाही. तंतुकणिकेतून सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर पडले की विकरांची साखळी चालू होते, तीत संकल्प कोठेही आढळत नाही. चांद्रायणाचेही तसेच. योशिनोरी ओसुमी यांनी उपाशी ठेवलेल्या यीस्टच्या पेशींत, पेशी आपलेच जीर्ण भाग पचवून कशी तगते हे पाहिले आणि त्या शोधाला २०१६ चे नोबेल लाभले. परंतु यीस्टचा उपवास हे व्रत नव्हे, कारण अन्न समोर असताना नाकारण्याची मुभाच तिला नाही. कर्त्यावाचून त्याग संभवत नाही, आणि कर्ता पेशीत सापडत नाही.

मग तो कोठे सापडतो? आठवलेशास्त्र्यांनी आपल्या स्वाध्यायी अनुयायांना त्रिकाल संध्या सांगितली: सकाळी उठताना स्मृती देणाऱ्याचे, जेवताना शक्ती देणाऱ्याचे आणि निजताना शांती देणाऱ्याचे कृतज्ञ स्मरण. खाल्लेल्या अन्नाचे रक्त कोण करतो, हा त्यांचा प्रश्न साध्या माणसाच्या अंतःकरणाला भिडला. आजचा विद्यार्थी त्यास विकरांची नावे सांगून उत्तर देईल आणि ते उत्तर बरोबर असेल. माझ्या मते त्यामुळे कृतज्ञता निराधार होत नाही. ज्ञानाच्या फटीत देव बसवला असेल तर फट बुजताच तो निराश्रित होईल, पण जे आपण केले नाही आणि ज्यावर आपण जगतो त्याची जाणीव यंत्रणा समजल्याने कमी होण्याचे कारण नाही. शेजारपेशींच्या निरोपावर आपण जगतो हे कळल्यावर तर मला ती अधिक सकारण वाटते.

पेणहून पनवेलच्या वाटेने मुंबईकडे जाताना, याच जुन्या कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, खारघरला टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही कर्करोगसंशोधन संस्था लागते. तिचे मूळ १९५२ साली वसंत रामजी खानोलकर यांच्या पुढाकाराने परळला स्थापन झालेल्या केंद्रात आहे. खानोलकर हे विनोबांच्याच सालचे, १८९५ चे. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक यांनी मिळून विकसित केलेल्या नेक्सकार१९ या पहिल्या स्वदेशी कार-टी उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचा प्रारंभ झाला. रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी काढून, त्यांना सीडी१९ हे प्रथिन ओळखणारा नवा ग्राहक देऊन, त्या परत शरीरात सोडतात. मग त्या अर्बुदाच्या बी-पेशींना गाठून त्यांच्यात ग्रॅन्झाइम शिरवतात, आणि ते ग्रॅन्झाइम जाऊन जागे करते ते कॅस्पेजलाच, त्या पेशीत जन्मापासून असलेल्या आणि तिने दडपून ठेवलेल्या मरणयंत्रणेलाच. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मूल्यमापन झालेल्या रुग्णांपैकी सुमारे ७३ टक्क्यांत रोगाने प्रतिसाद दिला. निवाडा सरसकट असतो, निरोगी बी-पेशीही त्यात जातात. आणि प्रतिसाद म्हणजे कायमची मुक्ती नव्हे. तरीही या उपचाराचे स्वरूप ध्यानी घेतले म्हणजे वैद्यक हे मरणाविरुद्धचे बंड आहे ही समजूत टिकत नाही; खारघरला जे चालते ते मरणाला त्याच्या योग्य जागी पुन्हा बसवण्याचे काम आहे.

हे मी आग्रहाने मांडतो याचे कारण विनोबांचे देहावसान. नोव्हेंबर १९८२ मध्ये, वयाच्या सत्याऐंशीव्या वर्षी, पवनारला त्यांनी अन्न, पाणी आणि औषध नाकारले आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. या प्रायोपवेशनाचा दाखला देऊन आजारी माणसाला देहासक्ती सोडण्याचा उपदेश करणारे भाविक आढळतात. हा दाखला गैरलागू आहे. विनोबांच्या कृतीला कर्ता होता, आयुष्यभराची तयारी होती, आणि कार्य संपल्याची त्यांची स्वतःची खात्री होती. रोह्यातल्या एखाद्या पंचविशीच्या तरुणास लसिकार्बुद झाले असेल तर त्याच्या शरीरातच सोडण्याची शक्ती क्षीण झालेली असते. तिथे औषध घेणे हे आसक्तीचे लक्षण नव्हे, आणि त्याला वैराग्य सांगणे हा गीतेचा अवमान आहे. उपचार करून पाहिल्यावरही ते हरले, तर विनोबांनी ज्याला उत्तर दिले तो प्रश्न त्या तरुणापुढे येईल. त्याचे उत्तर त्यानेच द्यायचे, आणि तोवर नातलगांनी, डॉक्टरांनी वा प्रवचनकारांनी त्याच्या वतीने हुकूमनामा काढण्याचा अधिकार कोणत्याही शास्त्राने त्यांना दिलेला नाही.