आयसीयूतले वडील आणि सव्वा लाखाचा जप

शंका : वडील आठ दिवस व्हेंटिलेटरवर आहेत, शुद्ध नाही. तोंडात गंगाजल-तुळशीपत्र घालायला सिस्टर मनाई करतात. नामस्मरणाविना प्राण गेला तर गती कशी मिळणार? आमचे गुरुजी पाच ब्राह्मण बसवून तीन दिवसांत सव्वा लाख महामृत्युंजय जप करून देतो म्हणतात. दक्षिणा 51 हजार. ऐपत नाही, पण आई हट्टाला पेटली आहे. तिने उपासही धरला आहे.

समाधान : सिस्टर योग्यच करतात. घशात नळी असलेल्याला गिळता येत नाही; चमचाभर पाणीही फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. राहिली अंतकाळची गोष्ट. गीतेच्या आठव्या अध्यायाचा धाक घालणारे अर्धाच अध्याय सांगतात. तिथे शेवटच्या स्मरणाला महत्त्व आहे, पण लगोलग सर्वकाळ स्मरण ठेवण्याची आज्ञाही आहे. विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगातल्या गीता प्रवचनांत हेच उलगडून सांगितले : अंतकाळचे स्मरण हे जन्मभराच्या संस्कारांचे फळ. नळी सहन व्हावी म्हणून डॉक्टर गुंगीचे औषध देतात. जन्माची पुण्याई त्या औषधाने पुसली जात असेल, तर ती पुण्याई कसली?

आता त्या जपाचा हिशेब मांडू. एका आवृत्तीला दहा सेकंद धरा. सव्वा लाखाला सुमारे 347 तास लागतात. पाच जणांनी तीन दिवसांत संपवायचे तर प्रत्येकाला रोज 23 तास बसावे लागेल. जेवण, झोप, स्नानसंध्या कधी? म्हणजे मंत्र तरी गाळले जाणार किंवा आकडा तरी फुगवला जाणार. आणि गिऱ्हाईक कोण, तर आयसीयूच्या दारात भेदरून उभे असलेले, बिलाने आधीच वाकलेले कुटुंब! मंत्राबद्दल माझी तक्रार नाही. भीतीवर दर लावणाऱ्या या धंद्याची मला चीड आहे. कोणी म्हणेल, आईला समाधान मिळते ना, मग का अडवावे? समाधान जपाचे असेल तर तो आईनेच करावा, जमेल तेवढा, फुकट. भाड्याने करवलेल्या जपातून मिळते ती केवळ पावती.

भेटीच्या वेळी आईलाच आत पाठवा. हात स्वच्छ धुऊन तिने वडिलांचा हात धरावा, घरात रोज घेतले जाते तेच नाव कानाशी घ्यावे. ऐकू येत नसेलच असे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. सिस्टरही अशा रुग्णाशी बोलतच काम करतात. डॉक्टरांशी बोलायला घरातला एकच माणूस ठरवा, बाकड्यावरच्या रात्री वाटून घ्या. आणि आईचा उपास आजच सोडवा. वडील घरी आले तर पुढे कितीतरी दिवस त्यांना उठवायला-बसवायला धडधाकट माणसे लागतील.