यमानेही उत्तर दिलं



आजचं वाचन : कठोपनिषद, पहिला अध्याय, पहिली वल्ली.

नचिकेता यमाच्या दारात तीन रात्री उपाशी थांबतो. यम येतो, त्या लहान मुलालाच आधी नमस्कार करतो आणि तीन वर देतो. पहिला वर मुलगा वडिलांसाठी मागतो : त्यांचं मन शांत होवो. तिसऱ्या वेळी विचारतो, माणूस मेल्यावर असतो की नसतो? यम टाळायला बघतो. हत्ती घे, घोडे घे, सोनं घे, हवं तेवढं आयुष्य घे, पण हे नको विचारूस. मुलगा हटत नाही.

इथे मला माझीच लाज वाटली. मागच्या वर्षी भाऊजी गेले, तेव्हा ताईचा मुलगा सात वर्षांचा होता. "बाबा कुठे?" त्याने विचारलं, मी हातात मोबाईल दिला. परत विचारलं, तर म्हणाले, "बाप्पाला आवडले, म्हणून त्याने नेलं."

त्यानंतर तो देवघरासमोरून पळत जायचा. एका रात्री हळूच म्हणाला, "मावशी, बाप्पाला आईपण आवडली तर?"

त्याला दुःख होऊ नये म्हणून मी ते बोलले होते, की माझी सुटका व्हावी म्हणून? खरं सांगायचं तर दुसरंच. आणि त्यासाठी मी देवाला चोर ठरवलं होतं.

मग त्याला जवळ घेऊन सांगितलं, "मी चुकीचं बोलले. बाबांचं हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले. ते परत येणार नाहीत. यात तुझी काही चूक नाही." "मग आता ते कुठेयत?" "आत्मा मरत नाही असं मी मानते. पण मलाही बाबांची आठवण येते, रडू येतं." तेव्हा कुठे तो रडला.

वर्षश्राद्धाला मोठी माणसं म्हणाली, "पोराला शेजारी पाठवा." मी म्हटलं, "काका, आधी त्याला विचारूया ना." तो थांबला. फोटोला हार त्यानेच घातला.

यमानेही शेवटी उत्तर दिलंच. पुढचं सगळं उपनिषद म्हणजे तेच उत्तर.

आजचा संकल्प : आपल्या घरात असं एखादं मूल असेल तर आज त्याच्याजवळ बसूया. मोबाईल बाजूला. त्याला विचारू दे.

राम कृष्ण हरी.