कुरकुर आणि गाऱ्हाणे

लहानसहान गोष्टींवरून बोल लावण्याला आपल्या मराठीत किती शब्द आहेत पाहा. कुरकुर, किरकिर, पिरपिर, भुणभुण, धुसफूस. हे सगळे शब्द कानाने घडवलेले. खाट कुरकुरते, रातकिडा किरकिरतो, पाऊस पिरपिर लावतो, डास कानाशी भुणभुणतो, ओले लाकूड चुलीत धुसफुसते. माणूस बोलतो आहे हे कळते, पण त्यातला अर्थ घेण्याची आपली इच्छा नसते, तेव्हा त्याच्या बोलण्याला आपण असा नुसत्या आवाजाचा शब्द लावतो.

दुसरे घराणे आहे ते खुसपट काढणे, नाक मुरडणे, उणेदुणे काढणे, नावे ठेवणे यांचे. बारशाला नाव एकदाच ठेवतात, पुढे जन्मभर लोक नावे ठेवतात! कीर्तनकाराला हे सांगायला नको. निरूपण लांबले तरी नाव, आटोपते घेतले तरी नाव, आणि काल्याच्या दिवशी प्रसादाचे दही आंबट म्हणणाराही एखादा भेटतोच. नावडतीचे मीठ अळणी, असे आपले लोक म्हणतात ते खरे. दोष मिठात नसतो, खाणाऱ्याच्या मनात नावडती आधी ठरलेली असते.

या दुसऱ्या घराण्याला शास्त्रात असूया म्हणतात. असूया म्हणजे केवळ मत्सर नव्हे, दुसऱ्याच्या गुणात दोष पाहणे. गीतेच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी भगवान अर्जुनाला अत्यंत गुह्य ज्ञान सांगायला घेतात, तेव्हा तो अनसूयु आहे म्हणून सांगतो, असे म्हणतात. आता गंमत पाहा. हाच अर्जुन पहिल्या अध्यायात किती रडला होता! हात कापतात, तोंड कोरडे पडते, उभे राहवत नाही. भगवंतांनी त्याला खडसावले, पण घोड्यांचे लगाम टाकून ते निघून गेले नाहीत. पुढचे सतरा अध्याय त्या रडण्यालाच उत्तर आहेत. म्हणजे गाऱ्हाणे सांगणारा आणि दोष पाहणारा, हे दोन निराळे.

आमच्या संतांनी काय कमी गाऱ्हाणी केली? जनाबाई विठ्ठलाला रागे भरते, तुकोबा त्याच्याशी उघड भांडतात. पण जे बोलायचे ते त्याच्या तोंडावर, आणि ज्याच्या हाती उपाय आहे त्याच्यापाशी. ओसरीवर बसून शेजाऱ्याच्या कानात देवाची कुचाळकी त्यांनी केली नाही. चोखोबांना देवळाबाहेर उभे राहावे लागले. त्यांचे दुःख त्या काळी कित्येकांना किरकिरच वाटली असेल. ते गाऱ्हाणे किती शतके तसेच पडून होते! १९४७ साली साने गुरुजींना त्यासाठी पंढरपुरात उपोषणाला बसावे लागले.

म्हणून मला भीती वाटते ती कुरकुर करणाऱ्यापेक्षा समोरच्याच्या गाऱ्हाण्याला कुरकुर म्हणणाऱ्याची. एका वारीत, वाल्ह्याच्या तळावर, एका दिंडीतली म्हातारी माउली प्रमुखांना म्हणाली, "महाराज, बायकांना आडोसा नाही, काही सोय करा." प्रमुख माणूस वाईट नव्हता, दिवसभराचा थकलेला होता. तो म्हणाला, "आजी, वारीत आलाय, कुरकुर करायची नाही." आजी गप्प बसली. दुसऱ्या दिवशी नीरेच्या अलीकडे तिला भोवळ आली. बायकांनी सांगितले तेव्हा कळले की वारंवार जावे लागू नये म्हणून ती तीन दिवस घोटघोटच पाणी पीत होती. त्या मुक्कामापासून कनाती लागल्या. दोन बांबू आणि एक कापड, एवढेच काम होते. पंढरीला आपण माहेर म्हणतो. माहेराच्या वाटेवर लेकीने तोंड उघडायचे नाही, हा कुठला न्याय?

गोष्ट क्षुल्लक आहे की नाही, हे ज्याच्या पायात काटा आहे त्याला आधी विचारावे. तान्हे मूल किरकिरे झाले की घरातली आजी त्याला गप्प बस म्हणत नाही, पोटाला हात लावून पाहते. कधी काही नसते, नुसता हट्ट असतो. तरी हात लावल्यावाचून ते कळत नाही.

हे माऊलींच्या सोहळ्यात फार पूर्वी ओळखलेले आहे. तळावर समाज आरतीला सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळमृदंगाचा गजर चाललेला असतो. चोपदार चोप उंच करून "हो" अशी आरोळी देतात आणि एका क्षणात हजारो टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीतच राहते. त्या शांततेत तेवढेच टाळ ऐकू येतात. मग चोपदार त्या दिंडीकडे जातात, काय झाले ते ऐकून घेतात, निवाडा होतो. तक्रार कधी चालण्याच्या क्रमाची असते, कधी एखाद्या साध्या गैरसोयीची. पालखीसह सारा समाज तेवढा वेळ उभा असतो, आणि दिवसभर वीस-पंचवीस किलोमीटर चाललेली ती माणसे एका दिंडीसाठी थांबतात. एवढ्यासाठी कशाला थांबवले, असे तिथे कोणी म्हणत नाही. त्या दिंडीचे टाळ थांबले की हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या जातात, कोणाचा तांब्या, कोणाची पिशवी. उद्या निघण्याची वेळ सांगितली जाते, आणि माऊलींची आरती होते.