झाशीच्या खेळात खेळाडू कोण?

दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरात राणीचं नाव रोज पत्त्यात लिहावं लागतं. तिच्यावर रोल-प्लेइंग गेम करायचा ठरला, तर खेळाडूच्या हातात काय द्यायचं?

खेळाडूलाच राणी केलं की पंचाईत होते. मार्च १८५८ मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोझ झाशीला वेढा घालतो. खेळाडूने तह करायचं ठरवलं तर? करू दिला, तर काल्पी आणि ग्वाल्हेर गोष्टीतून गळतात. अडवला, तर निवड नावापुरतीच उरते. २००२ च्या ‘मॉरोविंड’ या गेममध्ये कथेला लागणाऱ्या पात्रांनाही मारता येई; मुख्य कथा तुटली, जुना सेव्ह उघडा किंवा असंच खेळत राहा, एवढं गेम बजावे. २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये अशी पात्रं बेशुद्ध पडून पुन्हा उठतात. कथा वाचली, पण तलवारीची धार गेली. मला ‘मॉरोविंड’ जास्त प्रामाणिक वाटतो.

सगळ्याच वाटा लिहून काढणंही अशक्य. दहा ठिकाणी दोन-दोनच पर्याय ठेवले तरी १,०२४ वाटा होतात.

म्हणून माझं म्हणणं, खेळाडूला विष्णुभट गोडसे करा. वरसईचा हा भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेला, सत्तावनच्या धामधुमीत सापडला आणि वेढ्याच्या वेळी झाशीतच होता. त्याचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापला गेला. झाशी वाचवणं भटजीच्या हातात नव्हतंच, त्यामुळे खेळाडूला तिथे मुद्दाम अडवावं लागत नाही. त्याच्या हातात आहे ते जवळचं: पैसे कुठे दडवायचे, सोबतच्या काकांना घेऊन कोणत्या रस्त्याने निघायचं, वाटेत शिपायांनी हटकलं तर काय सांगायचं.

पुस्तकात काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी त्याला तहानलेली राणी भेटते. तो पाणी काढायला पुढे होतो. ती त्याला थांबवते आणि स्वतःच पाणी काढते. गेममध्ये खेळाडू इथे पुढे होईल, नाहीतर घाबरून झाडाआड लपेल. दोन्हीकडे राणी जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ पडणारच. पण भटजी वरसईला परतल्यावर घरची माणसं विचारतील, बाईसाहेबांना पाहिलंस का? लपलेल्या भटजीला तिथे पाण्याची गोष्ट सांगता येऊ नये. उत्तराच्या यादीत ती दिसूच नये. लेखकाने जीव ओतायचा तो या संवादात, प्रत्येक भटजीसाठी वेगळा.